केसपेपर

म्हैस अडली त्या रात्री
एका फोनवर संघाचा डॉक्टर आला
चिखल तुडवत, मुरगूडहून.
बॅटरी शालाबाईंनी धरली.
त्यांचं अंगावरून जाणं
तेव्हा दीड वर्षाचं होतं.

मी आशा. वही घेऊन दर महिन्याला उंबऱ्यात.
"व्हतंय की बाईच्या जातीला," म्हणत
त्या भाकरी उलटायच्या
आणि मी रकान्यात लिहायचे : तक्रार नाही.
ते अक्षर माझंच.

आज सीपीआरची खिडकी.
"बरोबर पुरुषमाणूस कोण?"
"मी आलोय की."
आमच्याकडं बाई असंच बोलते,
आलो, गेलो, जेवलो.
क्रियापदापुरती बरोबरी
कोल्हापुरानं कधीच देऊन टाकलीय.
खिडकीतला हसला. त्या हसल्या नाहीत.

रक्त सहा.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतके दिवस काय केलंत?
"धारा काढत हुतो."

दोन बाटल्या चढल्या तरी
फॉर्मवर सहीची जागा रिकामी,
मालकांचा फोन लागत नव्हता.
मग त्यांनीच पेन मागितलं.
'श'ला बराच वेळ लागला.

पाचव्या दिवशी घरी आल्यावर
केसपेपर त्यांनी
म्हशीच्या विम्याच्या पिशवीत ठेवला.
सगळ्यात वर.