डावीकडे भाताची काडी

गेटवरच्या रजिस्टरात त्याचं नाव
तीन महिन्यांत चार वेळा बदललं:
मिनूर, मनोहर, मुनीर,
आणि एकदा नुसतंच ‘जपानी, प्रेसवाला’.
तो प्रत्येकापुढे सही करायचा, न कुरकुरता.

मिनोरू.
रबाळ्यात, रात्रपाळीच्या चहाला मी विचारलं, अर्थ काय?
म्हणाला, कसं लिहिता त्यावर आहे.
कानाला एकच. कागदावर
कुणाचा ‘फळ’, कुणाचा ‘सुकाळ’,
आणि माझा...
त्यानं जॉबकार्ड उलटं केलं,
ग्रीसच्या डागाशेजारी मार्करनं काढलं:
डावीकडे भाताची काडी.
उजवीकडे वर, ‘आत्ता’.
त्याच्याखाली काळीज.

म्हणजे पिकणं, तांडेल म्हणाला.
पिकतो तर आंबाही.
मग निसवणं? नाही, ते आधीचं,
तेव्हा दाण्यात नुसतं दूध असतं.
माझ्याकडे शब्द होते सगळे, आईचे,
कधी न वापरलेले.

रविवारी त्याला गोठिवलीला जेवायला नेलं.
आईनं दारावरचं दसऱ्याचं तोरण उतरवलं.
घणसोलीच्या बाजारातल्या लोंब्या, विकतच्या.
आमची खाचरं त्याच्या प्रेसच्या पायाखाली आहेत
हे मी त्याला बोललो नव्हतो.
आईनं हातानं दाखवलं: कंपनी. खाली.

तो थोडा वेळ गप्प बसला.
मग एक लोंबी तळहातावर चोळली, फुंकली.
निम्मं उडालं. फोल.
तो सांगत गेला, मी आईला सांगत गेलो:
त्याच्या जन्माच्या आदल्या वर्षी
त्यांच्या गावात उन्हाळा आलाच नाही.
भात उंच वाढला, कापणीपर्यंत ताठ उभा.
वाकवेल असं आत काही नव्हतं.
आजोबांनी तेव्हाच नाव ठरवलं,
अजून पोराचा पत्ता नसताना.

आई म्हणाली, मंजे नवसाचा हाय यो.
आणि त्याला तांदळाची भाकर वाढली, तिसरी,
नको म्हणत होता तरी.

शुक्रवारी प्रेस चालू झाली. पहिला ठोका
पायांच्या तळव्यांना कळला.
संध्याकाळी तो निघाला, तेव्हा वॉचमनला
मी एकेक अक्षर सांगितलं, आणि त्यानं लिहिलं,
मध्ये बोटभर जागा सोडत:
मि नो रू.
पुढच्या रकान्यात, साहित्य:
बॅग एक, लोंबी एक.
त्याच्या पुढच्यात,
परत येणार का: नाही.