खांद्यावर काहीतरी लांबट

रबाळ्याला, एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर
बिनखिडक्यांची इमारत आहे आमची.
दारात सदोबा चाळके.
सतरा वर्षं तोफखान्यात होता,
आता शिट्टी आणि वेताची काठी.
आत काय राखतो, त्यालाही ठाऊक नाही.
बँकेचे हिशेब असतील म्हणतो, नाहीतर लोकांचे फोटो.

मी चौथ्या मजल्यावर चौकोन काढते.
वरून टिपलेली चित्रं येतात, नावगाव पुसून.
ट्रकभोवती हिरवा, घराभोवती निळा,
माणसाभोवती लाल.
एका चौकोनाला साठ पैसे.
एक चुकला की तिनांचे कापतात.
मशीन शिकतंय, इतकंच सांगितलंय.
कोणासाठी, हे मी विचारलं नाही.
विचारावं असं कुणी त्या मजल्यावर बसतही नाही.

परवा रात्री एक चित्र आलं.
राखाडी रान, एक बांध,
बांधावर तांदळाएवढा माणूस.
खांद्यावर काहीतरी लांबट.
खाली दोन बटणं: हत्यार. अवजार.
कोपऱ्यात घड्याळ, चार सेकंदांचं.

मी दाबलं.

तीनला चहाला उतरले तेव्हा
टपरीच्या ओल्या पत्र्यावर बोटानं
चाळक्यांना तो काढून दाखवला.
बराच वेळ बघत राहिले. चहा निवला.
मग म्हणाले, पोरी, हे असं कळत नसतं.
आम्ही दुर्बीण लावून दगडांत पालथे पडायचो.
एकदा तर दुपारपासून अंधार पडेस्तोवर.
मुंग्या चढायच्या, लघवी कोंडायची.
तो वाकला, मातीत घाव घातला, की समजायचं
कुदळ आहे.

आणि नाही वाकला तर?

तर थांबायचं.
मेजरसाहेब वायरलेसवर शिव्या घालायचे.
घालू देत.

एवढं बोलून त्यांनी
पत्र्यावरचा माणूस बाहीनं पुसला
आणि उरलेला चहा गटारात ओतला.

पहाटे शिफ्ट सुटली.
ऐरोली पुलाच्या तोंडाशी खारट वारा.
खाली दिवा कोळीवाड्याच्या होड्या
चिखलात एका कुशीवर, भरतीला अजून वेळ.
खाडीच्या कडेनं एकजण निघाला होता,
एवढ्या लांबून तांदळाएवढा.
खांद्यावर काहीतरी लांबट.

एक. दोन. तीन. चार.

माझी बस गेली. मागची पण गेली.
तो वाकेपर्यंत
मी तिथंच उभी होते.