पुठ्ठ्यावरची पाच अक्षरं

दर बुधवारी साडेसातला
मी टेबलाचे पाय उघडते.
एक आखूड आहे. त्याच्याखाली
दुमडलेली बिअरच्या पेल्याची चकती.
वर हिरवं फडकं, फडक्यावर
लोकांच्या वारलेल्या मावश्यांच्या कपबश्या,
आणि पुढे पुठ्ठा:
चीप.
इंग्रजीत पाच अक्षरं. पी जरा बसका.

सून म्हणते, हेस्टर, तो शब्द काढा.
हल्ली 'परवडणारं' लिहितात.
चीप म्हटलं की गिऱ्हाईक
कप उलटा करून बघत नाही,
आधी तुमच्याकडे बघतं.

मला काय ते ठाऊक नाही?
सतराची होते.
जत्रेत पाळणा फिरवणाऱ्या पोराने
तीन फेऱ्या फुकट दिल्या,
आणि त्या रात्री आईने भांडी घासताना,
पाठमोरीच,
हा शब्द माझ्या अंगावर टाकला.
"स्वतःला चीप करून घेऊ नकोस."
तेव्हापासून किंमत सांगताना
माझी नजर फडक्यावर असते.

ऑर्म मास्तर दर बुधवारी येतात.
ग्रेव्हीचं एक चोचवालं भांडं उचलतात,
बुडाचा शिक्का वाचतात, परत ठेवतात.
शाळा सुटून वीस वर्षं झाली,
खडू अजून बोटांत आहे.
म्हणाले, बाई, हे मूळचं विशेषणच नाही.
नाम आहे.
बाजार. सौदा. देणंघेणं.
लॅटिनमधला कोणी दारू विकणारा, खानावळवाला,
बहुधा त्याच्या गल्ल्यातून निघालं,
समुद्र ओलांडून
डेन्मार्कच्या राजधानीच्या नावात जाऊन बसलं.
लंडनच्या चीपसाइडला काय स्वस्त मिळतं?
आणि आपल्या गावाच्या नावातलं 'चिपिंग'
तेही हेच.
तुम्ही या शब्दावर टेबल मांडून उभ्या आहात.

मग स्वस्त कधी झालं हो?

आधी 'गुड चीप' म्हणायचे. चांगला सौदा.
पण माणसं घाईत. पिशव्या जड, पोरं रडणारी.
बोलता बोलता 'गुड' गळून पडलं,
मागे वळून कोणी उचललं नाही.
मग स्वस्ताचं हलकं झालं,
आणि हलक्याचं हलकट व्हायला
असा कितीसा वेळ लागतो?

मी काही बोलले नाही.
एका बशीवरची धूळ पुसली, पुसलेली होती तरी.
एडविनला जाऊन आठ वर्षं झाली.
पूर्वी गावात एका दमात म्हणायचे,
एडविन-आणि-हेस्टर.
आता अर्ध्यावर थांबतात,
आणि उरलेल्या अर्ध्याला
पूर्वीच्याच नावाने हाक मारतात.

मास्तर मात्र थांबेनात.
फेरीवाल्याला म्हणे चॅपमन म्हणत.
त्यातला 'मन' झिजला, 'चॅप' उरला:
एक इसम. कोणीही.
म्हटलं, म्हणजे तुम्हीसुद्धा
माझ्या पुठ्ठ्यावरच्याच घराण्यातले.
कानाच्या पाळ्या लाल झाल्या म्हाताऱ्याच्या.

तो गेल्यावर मी मार्कर काढला.
चीपच्या आधी जागाच नव्हती.
'गुड' कोपऱ्यात चेपून लिहिलं,
जी पुठ्ठ्याच्या कडेवरून अर्धा बाहेर.
सून म्हणाली, व्याकरण चुकलंय.
म्हटलं, असू दे. पाचशे वर्षांची चूक आहे,
एका बुधवारात कशी निस्तरेल?

पुढच्या आठवड्यात मास्तर आले.
पुठ्ठा वाचला. खोकले.
भांडं उचललं आणि या वेळी
खाली ठेवलं नाही.
"कितीला?"
सहा पौंड, मी फडक्याला सांगितलं.
"चार."
चार? चोच शाबूत आहे, शिक्का स्टॅफर्डशरचा!
"दांड्याला चीर आहे."
चीर तुमच्या चष्म्याला असेल,
म्हणत मी मान वर केली.

अकरा वाजले. मागचे मधवाले ऐकतायत.
ते साडेचारवर आलेत, मी पावणेसहावर.
दोघांनाही घाई नाही.