भंडाऱ्याचा पाटा

भांगाची ओहोटी. पाणी थांबायला अजून वीस मिनिटं.
तांडेल, नळी राहू दे, आधी चहा ओत.
इथं खाली गेलं की डोळ्यांना सुट्टी.
माझगावच्या गाळात मी बोटांनी वाचतो
बार्जचा तळ, रिव्हेटांचे दाणे, पंख्यात अडकलेलं जाळं.
कोमट पाणी, तोंडाला डिझेल,
आणि आपलाच हात, तोही ऐकीव.

तिकडे तसं नव्हतं.
कंपनीनं कोर्सला पाठवलेलं, पार उत्तरेला,
रविवारी हौसेनं उतरलो. पाणी सहा अंश.
सूट कोरडा, तरी गारठा दातांतून आत येतो.
आधी ओठ परके होतात,
मग बोलायची इच्छा.
चौतीस मीटरवर ती बोट
कुशीवर, खडकाकडे तोंड करून
रुसून झोपलेली.
कठड्यावर पांढरी समुद्रफुलं,
आणि सगळं इतकं स्वच्छ
की मला संकोच वाटला,
कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखा.

दोरी सोडत स्वयंपाकघरात गेलो.
जोडीदार ग्रेगर पितळी नळांवर टॉर्च मारत होता.
मी कोपऱ्यात पाहिलं.
पाटा.
शपथेवर सांगतो, पाटाच. मधे खोलगट झालेला.
वरवंटा घरंगळून हातभर लांब.
माझ्या पाठीवर टाकी, त्याच्या अंगावर टाकीचे घाव,
अजून मोजता येतील असे.

शंभर बार उरले होते.
बधिर बोटांनी वरवंटा उचलला, पाट्यावर ठेवला,
एकदाच पुढे नेला, मागे आणला.
गाळ उठला,
चिमूटभर हळदीएवढा.

वर येताना दोरीला अकरा मिनिटं लटकलो
आणि भंडाऱ्याचाच विचार करत राहिलो.
सुकं खोबरं पुरवून वापरत असेल.
मिरची वाटताना तेवढी तरी
हातांची आग होत असेल बिचाऱ्याच्या.
किनाऱ्यावर दगडात कोरलेली यादी होती:
एकोणीस नावं, हुद्द्यांसकट.
शेवटची ओळ: आणि मुंबईचे चौदा.

आमचं आडनाव सारंग. पणजोबा बोटीवर होते म्हणतात,
कुठल्या, ते कुणी विचारलं नाही.
मीही दगडाला विचारलं नाही.

आणायचा होतास, म्हणतोस?
अरे, चूल तिथं, पाटा इथं,
मग तो माणूस कुठं बसेल?

बघ, कचरा जागच्या जागी फिरायला लागला.
पाणी थांबलं.
दे नळी.