सुतावरून

फेब्रुवारीत पार्क बंद असतं, तेव्हा आमची कामं निघतात.
लीक गावाच्या अलीकडे, ओल्या कुरणांना लागून
मी सहा भोकं पाडली. सगळ्यात खोल अकरा मीटर.
वर चिखल, मग लाल माती, मग वाळूखडक,
आमच्या चिपळूणच्या जांभ्याचा कुणी अबोल चुलतभाऊ.
खुंट्या ठोकल्या, डोक्यांना नारिंगी रंग फासला,
दोन खुंट्यांमध्ये सूत ताणलं
आणि खोलीवर येऊन गरम पाण्याने अंघोळ केली.

एवढंच.

पण कुंपणाबाहेरच्या टेकाडावर
दुर्बीण घेऊन ग्लेनिस ओकडेन उभी होती,
शाळेच्या बसवरून निवृत्त, गुडघ्यात स्टीलची वाटी.
रात्री पबमध्ये गेलो तर
माझ्या खुंट्या माझ्याआधी पोचलेल्या.

कोपऱ्यातल्या टेबलावर पाचजण.
"अठ्ठेचाळीस पावलं," ती म्हणत होती, "म्हणजे स्टेशन."
गेथिन म्हणाला, छे, पहिल्या चढाचा पाया.
ऑक्टोबरात इथेच एक डच माणूस कॉफी पीत होता,
त्याच्या बुटांना चिखल होता. म्हणजे सही झाली.
एका जोडप्याने (यांच्या लग्नाचा केक म्हणे लूपच्या आकाराचा होता)
झाडांच्या शेंड्यांची अडचण काढली:
त्यावर काही जाऊ देत नाही काउन्सिल.
"मग खाली जातील," सोळा वर्षांचा कीरन म्हणाला,
"जमिनीत. अंधारात. सरळ नव्वद अंशांत."
आणि सगळे गप्प झाले,
घरात पाळणा हलणार असल्याचं कळावं तसे.

मी शेजारी पाय खात होतो, वाटाणे ढकलत.
बॅगेत नकाशा होता. नकाशावर लिहिलं होतं:
स्वच्छतागृह, चौदा संडास,
लंगोट बदलायची एक खोली, सांडपाण्याची टाकी.
खाली माझी सही, की कुणाला सांगणार नाही.

सुतावरून स्वर्ग गाठतात लोक, ठाऊक आहे;
पण इथे सूत मीच ताणलेलं.
ग्लेनिसने बिअरच्या पुठ्ठ्यावर रेघ ओढली,
चढ, बाक, वेग, पोटात गोळा येण्याची जागा.
मी चोरून आकडे पडताळले. बरोबर होते.
माझ्या खडकाने तो भार सहज पेलला असता.
एकोणतीस वर्षं माझ्या भोकांवर लोक पाया घालताहेत,
गोदामं, पार्किंग, एक खिडक्या नसलेलं कॉल सेंटर,
कुणी कधी विचारलं नव्हतं
की इथे वर चढल्यावर किती लांबचं दिसेल.

तेवढ्यात गेथिनची नजर खाली गेली.
"तुमच्या बुटांना," तो हळूच म्हणाला, "तीच लाल माती आहे."

पाच चेहरे वळले. कीरनच्या हातातली चिप हवेतच.
सही आठवली. घराचा हप्ता आठवला.
म्हणालो, "खडक चांगला आहे."

खोटं नव्हतं ते.
पण ते वाक्य त्यांनी घरी नेलं
आणि एप्रिलपर्यंत त्याच्यावर दोनशे फूट चढले.

पुढच्या ईस्टरच्या शनिवारी स्वच्छतागृह उघडलं.
जायला नको होतं. गेलो.
पाचहीजण दारापाशी रांगेत उभे होते, साडेनवापासून,
कोटांवर घरी बनवलेले बिल्ले: पहिल्या फेरीचे प्रवासी.
ग्लेनिस आधी आत गेली. बाहेर टाळ्या.
ओले हात झटकत आली, म्हणाली,
"पाण्याला जोर आहे. उतार झकास काढलाय कुणीतरी."
मग माझा दंड धरून बाजूला नेलं.
"ते जाऊ दे. तळ्यामागे पाहिलंस?
चार खुंट्या. निळ्या. कालपर्यंत नव्हत्या."

माझ्या नव्हत्या त्या.
खरंच, माझ्या नव्हत्या.

"दोहोंमध्ये अंतर किती?" मी विचारलं.