दोन सूत

गाडी बुटकी, दोन माणसांची.
बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या जागी खड्डा,
खड्ड्यात मांजर व्यायलेली.
आठ दिवस काम थांबलं ते तिच्यामुळे.

इंजिन जपानी भंगारातलं, रोटरी,
अक्कलकोट रोडच्या शेडात
ट्रकवाल्याने कांद्याच्या गोण्यांआडून उतरवलं.
पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही,
पोट सुटलेला एक त्रिकोण
तिन्ही कोपरे भिंतीला घासत फिरणारा.

नदाफमास्तरांनी लेथवर प्लेट कापली
इंजिन-गिअरबॉक्सची सोयरीक जमवायला.
लावून पाहिली. दोन सूत कमी.
"साळ्याच्या घरात सुताला काय तोटा?"
मास्तर हसले, आणि नवी प्लेट चढवली.

नायना डबा घेऊन आले.
चाळीस वर्षं मागावर गेली, कान तिथेच राहिले.
रोटर हातात घेऊन उलटासुलटा केला.
"हा परत कधी येतो?"
येत नाही, मी ओरडले, फिरतच राहतो.
धोटा जातो, धोटा येतो,
त्यांनी जन्मभर एवढंच पाहिलेलं.
बराच वेळ गप्प.
मग कोपऱ्याची पट्टी नखाने चाचपली,
"झिजली तर इथं झिजंल."
पुस्तकातही तेच लिहिलंय.

रात्री अकराला पत्रा अजून तापलेला.
तिसऱ्या सेल्फला नुसता धूर,
चौथ्याला डब्यात मोहोळ उठल्यासारखा आवाज.
मास्तरांनी टोपी काढली.
नायना मडगार्डवर तळहात टेकून उभे,
"धागा तुटंना की गं."

तेवढ्यात बंद पडलं.
हात तसाच होता.