कोणाला भेटायचे आहे

रांजणगावच्या गेटवर तीन वर्षं झाली,
रोज मी पाहुणी.
गव्हाणेमामा वही पुढे सरकवतात,
दोरीला बांधलेलं पेन, अर्धंच उमटणारं.
नाव. गाडी नंबर. कुठून आलात.
कोणाला भेटायचे आहे.

सुरुवातीला मॅनेजरचं नाव लिहायचे.
ते बदलले. दुसरे आले, तेही गेले.
आता लिहिते : लाइन तीन.
मामा ते वाचत नाहीत,
लॅपटॉपचा नंबर मात्र दोनदा ताडून बघतात.
जाताना माणूस तेच असलं नसलं तरी
यंत्र तेच निघायला हवं.

टाचेला पट्टी, अंगात निळा ॲप्रन,
मनगटाची वायर जमिनीशी जोडलेली,
म्हणजे माझ्या अंगातली वीज
कुठल्या बोर्डाला बाधू नये.
पगार बंगळुरूचा, जेवणाचं कूपन इथलं,
दिवाळीचा डबा कुठलाच नाही.
ते म्हणतात, तुमचं तिकडे असेल ना.
हे म्हणतात, तिकडून नाही आला?

लाइन तीनचं यंत्र
तासाला चाळीस हजार तुकडे उचलतं, ठेवतं.
खसखशीहून बारीक कपॅसिटर,
एक शिंक आली तर पन्नास हरवतील.
त्या गुरुवारी रात्री सव्वादोनला
ते तुकडे वाटेतच सांडायला लागलं.
नोझल बदललं. फीडर बदलला.
फोनवर बंगळुरू : रीस्टार्ट केलंत?
केलं.
पुन्हा करा.

तेव्हा कांचन शेळकंदे म्हणाली,
निघोजची, आयटीआय झालेली,
सात महिन्यांच्या कंत्राटावरची,
टोपी-मास्कमधून नुसते डोळे दिसणारी :
"मॅडम, हिचा श्वास सुटतोय.
उचलताना नाही. वळताना."

मी मशीन थांबवून हात आत घातला,
हेडच्या मागे, जिथे नळी वाकते,
तिथे केसाएवढी चीर.
अंगठा दाबून धरला, काटा चढला.
सहा सेंटिमीटर नळी, बस.
पावणेचारला बोर्ड पुन्हा ओव्हनकडे सरकू लागले,
दोनशे पंचेचाळीस अंशांत
करडी पेस्ट चांदीसारखी होऊन बाहेर पडू लागली.
आम्ही दोघी मशीनमधला एक चहा प्यायलो,
कारण दुसरा कप अडकला.

रिपोर्टात रकाने पुष्कळ.
मूळ कारण : नळीला चीर.
कोणी शोधलं, असा रकाना नाही.
शेऱ्यात मी लिहिलं :
ऑपरेटर कांचन शेळकंदे यांनी कानाने ओळखले.
सकाळी वरून उत्तर :
'कानाने' काढा. मोजता येईल असं लिहा.
मी लिहिलं, उणे बासष्ट किलोपास्कल.
खोटं नव्हतं ते.
फक्त तिला ऐकू आल्यानंतर मोजलेलं होतं.

पुढच्या महिन्यात लाइन तीनवर
दुसरेच डोळे होते.

आणि एका सोमवारी गेटच्या रांगेत
माझ्यामागे पिवळ्या ड्रेसमधली कोणी,
वेणी कमरेपर्यंत. मी ओळखलंच नाही.
आवाजावरून ओळखलं.
"हिशोब घ्यायला आले, मॅडम.
गॅप दिलाय. दोन महिन्यांनी बघू म्हणालेत."
मला काही सुचेना. म्हटलं, निघोजहून एसटी मिळाली का?
"शिरूरपर्यंत टेम्पोनं," ती म्हणाली.

मी माझी ओळ भरली,
वही तिच्याकडे दिली.
तिने पेन तळहातावर घासून उमटवलं,
नाव लिहिलं, गाव लिहिलं,
गाडीच्या रकान्यात आडवी रेघ.
शेवटच्या रकान्याशी थांबली.
वर माझी ओळ होती.
तिच्याखाली तिने दोन बारीक उभ्या रेघा काढल्या,
वरीलप्रमाणे.

मामांनी वही ओढून घेतली.
कंत्राटी मुलींचं गेट मागच्या बाजूला आहे,
त्यांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं.
"ऑफिस डावीकडे," ते म्हणाले,
"नवीन आहात, चुकाल."